रॉबिन कशाला हवा?

 

सुरुवात दोन आकड्यांनी करते. ५,३४३ आणि ५,२७१.

१९८८ साली अमेरिकेत डीसी कॉमिक्सने बॅटमॅनच्या वाचकांना एक प्रश्न विचारला. गोष्टीत जोकरने रॉबिनला लोखंडी पहारीने झोडपलंय, आणि तो जिथे पडलाय तिथे बॉम्बचा स्फोट झालाय. आता हा मुलगा वाचावा की मरावा? छापील अंकात दोन टेलिफोन नंबर दिले होते. एकावर फोन केला तर ‘वाचवा’, दुसऱ्यावर केला तर ‘मरू द्या’. एका फोनला पन्नास सेंट, मुदत छत्तीस तास. ‘वाचवा’ म्हणणारे ५,२७१ फोन आले. ‘मरू द्या’ म्हणणारे ५,३४३. म्हणजे ७२ फोनांच्या फरकाने तो मुलगा गेला.

कागदावरचाच मुलगा होता, मान्य. पण पदरचे पैसे टाकून, फोन फिरवून पाच हजारांवर फोनांनी सांगितलं की हा नको. मला या आकड्यांबद्दल सगळ्यात जास्त कुतूहल आहे ते इथे. सुपरहिरोच्या गोष्टीतल्या त्या पोरसवदा जोडीदाराचा, साइडकिकचा, लोकांना एवढा राग का येतो? आणि इतका राग येऊनही गेली ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं तो पुन्हा पुन्हा परत का येतो?

माझं काम सांगते, म्हणजे मी या प्रश्नात का पडले ते कळेल. मी हैदराबादेत अॅनिमेशनसाठी स्टोरीबोर्ड काढते. चित्रपट प्रत्यक्ष बनण्याआधी तो चौकटी-चौकटींत काढून दाखवायचा, हे माझं काम. कोण कुठे उभा आहे, कॅमेरा कुठून बघतोय, कोण कोणाकडे बघून बोलतोय, हे सगळं आधी कागदावर ठरतं. या धंद्यातल्या मीटिंगमध्ये मी दोन वाक्यं शेकडो वेळा ऐकली आहेत. पहिलं, ‘एक छोटा मुलगा टाका ना, मुलांना आवडेल.’ दुसरं, ‘तो मुलगा काढा, गोष्ट बालिश होतेय.’ दोन्ही वाक्यं उलटी वाटतात, पण त्यांचं मूळ एकच आहे. दोघांनाही वाटतं की गोष्टीतला मुलगा हा बघणाऱ्या मुलांसाठी असतो. मला आज एवढंच सांगायचंय की तो नायकासाठी असतो. नायकाला कोणाला तरी उत्तर द्यावं लागावं, म्हणून तो असतो.

आता जरा मागे जाऊ. बॅटमॅन पहिल्यांदा आला तो मे १९३९च्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’ अंक २७ मध्ये. तेव्हाचा बॅटमॅन अगदी एकटा. रात्री बाहेर पडायचं, गुन्हेगाराला गाठायचं, आणि त्या सुरुवातीच्या गोष्टींत प्रसंगी त्याच्या हातून माणसं मरायचीसुद्धा. त्याचं त्याला फारसं काही वाटत नसे. वाटलं तरी सांगणार कोणाला? लेखक बिल फिंगर यांची अडचण नेमकी हीच होती. शेरलॉक होम्सला वॉटसन आहे. होम्सच्या डोक्यात काय चाललंय ते वॉटसनमुळे आपल्याला कळतं. बॅटमॅनकडे तसं कोणी नव्हतं. मग बॉब केन, बिल फिंगर आणि जेरी रॉबिन्सन यांच्या हातून एप्रिल १९४०च्या अंक ३८ मध्ये रॉबिन जन्माला आला. म्हणजे बॅटमॅन जेमतेम अकरा महिने एकटा राहिला. आज ज्याला आपण ‘एकटा लढणारा’ म्हणून ओळखतो, त्याचं खरं एकटेपण वर्षभरसुद्धा टिकलं नाही.

माझ्या कामाच्या नजरेतून या बदलाकडे बघा. एकटा माणूस चौकटीत काढला की त्याच्या डोक्यावर विचाराचा ढग काढावा लागतो. तो स्वतःशीच बोलतो. स्वतःशी बोलणाऱ्या माणसाला कोणी अडवत नाही. शेजारी एक मुलगा उभा केला की तीन गोष्टी आपोआप होतात. मोठा माणूस मोठा दिसतो, कारण मापायला शेजारी काहीतरी लहान आलं. काळ्या-करड्या चित्रात लाल, हिरवा, पिवळा रंग येतो. आणि तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. बोलताना नायकाला मान खाली वळवावी लागते. जो आतापर्यंत फक्त शहराकडे आणि शत्रूकडे बघत होता, तो आता कोणाच्या तरी डोळ्यांत बघतो. ही चौकट काढताना मला दर वेळी जाणवतं की चेहरा बदलावा लागतो. मुठी आवळलेला तोच चेहरा मुलाशी बोलताना चालत नाही.

आता रॉबिनची गोष्ट आठवा. डिक ग्रेसन हा सर्कशीतला मुलगा. आईवडील उंच झोक्यावर कसरती करणारे. झुको नावाच्या गुंडाची माणसं सर्कशीकडून खंडणी मागतात, झोक्याच्या दोरावर आम्ल टाकतात, आणि मुलाच्या डोळ्यांदेखत आईवडील खाली कोसळतात. बॅटमॅन म्हणजे ब्रूस वेन, त्याचेही आईवडील त्याच्या डोळ्यांदेखत मारले गेलेले. त्याला या पोरात स्वतःचं लहानपण दिसतं. तो त्याला घरी आणतो, मेणबत्तीच्या उजेडात शपथ देतो आणि शिकवायला लागतो.

वरवर बघितलं तर ही सुडाचीच गोष्ट. पण तिची दिशा बदलली. सूड मागे बघतो. जे गेलं त्याचा हिशेब चुकता करायचा, एवढंच त्याला ठाऊक. मूल वाढवायचं म्हटलं की उद्याचा विचार करावा लागतो. याने जेवावं काय, झोपावं कधी, शाळेचं काय, आणि मी जे करतोय ते बघून हा काय होईल? रॉबिन येण्याआधी बॅटमॅनला फक्त भूतकाळ होता. रॉबिनने त्याला उद्या दिला.

ही युक्ती चालली. रॉबिन आल्यावर अंकांचा खप चांगलाच वाढला, मग काय, दोन वर्षांच्या आत जो तो आपल्या नायकाच्या हाताखाली एक पोर द्यायला लागला. १९४१ साली जो सायमन आणि जॅक कर्बी यांचा कॅप्टन अमेरिका आला तो पहिल्याच अंकात बकी बार्न्स या मुलाला घेऊन. ग्रीन अॅरो आला तो स्पीडीला घेऊन. यातल्या बहुतेकांचं काम ठरलेलं. पोराने पुढे धावायचं, पकडलं जायचं, खुर्चीला बांधून घ्यायचं, आणि नायकाने येऊन सोडवायचं. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. लोकांच्या रागाचं एक कारण इथे आहे, आणि तो राग रास्त आहे. असा मुलगा म्हणजे गोष्टीतलं सामान. त्याच्या जागी एखादी किल्ली हरवली असती तरी गोष्ट तशीच चालली असती.

दुसरं कारण याहून गंभीर. स्टॅन ली यांना साइडकिक हा प्रकार आवडत नसे आणि ते तसं उघड बोलून दाखवत. शहाणा माणूस गोळीबारात पोराला बरोबर नेईलच कशाला, हा सरळ आक्षेप. त्यांनी आणि स्टीव्ह डिटको यांनी १९६२ साली स्पायडर-मॅन आणला, तेव्हा शाळकरी पोरगाच नायक केला. आपल्याकडे भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेवर वाढलेल्यांना यात नवल वाटणार नाही, पण तिकडच्या सुपरहिरोंच्या जगात तोवर पोरसवदा मुलगा म्हणजे मदतनीस, ही समजूत पक्की होती. मग १९६४ साली ‘अॅव्हेंजर्स’च्या चौथ्या अंकात कॅप्टन अमेरिका बर्फातून परत आला. तो आला, पण बकी आला नाही. दुसऱ्या महायुद्धात एका विमानाच्या स्फोटात तो गेला, असं वाचकांना सांगण्यात आलं.

आता यातली गंमत बघा. पोर नको म्हणून लेखकाने पोराला काढलं, आणि त्या दिवसापासून कॅप्टन अमेरिकाला खरी व्यथा मिळाली. त्याआधी तो झेंड्याच्या रंगाचा पोशाख घातलेला एक धडधाकट शिपाई होता. त्यानंतर तो एका मुलाला युद्धात घेऊन गेलेला आणि एकटाच परतलेला माणूस झाला. पुढची चाळीस वर्षं लेखक त्या एका रिकाम्या जागेवर गोष्टी लिहीत राहिले. २००५ साली एड ब्रुबेकर यांनी बकीला परत आणलं, तेही शत्रूने हत्यार बनवलेला ‘विंटर सोल्जर’ म्हणून. पोराला युद्धात नेलं तर युद्ध त्याचं काय करतं, या जुन्या आक्षेपाचीच गोष्ट झाली. २०१४चा चित्रपट तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. तो उभा आहे तो याच पायावर.

आपल्याला हा प्रश्न मुळीच नवा नाही. अभिमन्यू आठवा. चक्रव्यूहात शिरायचं कसं ते त्याला ठाऊक, बाहेर पडायचं ठाऊक नाही. मोठी माणसं म्हणतात, तू वाट कर, आम्ही मागोमाग आहोत. आणि जयद्रथ त्या मागच्यांना दारातच अडवतो. ही गोष्ट ऐकताना आपण अभिमन्यूच्या शौर्याने भारावतो, पण घशात काहीतरी अडकतं ते ‘आम्ही मागोमाग आहोत’ या शब्दांवर. पोराला पुढे घातलं की मोठ्या माणसाच्या शब्दाची किंमत कळते. म्हणून आक्षेप खरा असला तरी त्यावरचा उपाय पोराला गोष्टीतून काढणं हा नाही. त्या शब्दाचा हिशेब गोष्टीने मांडला पाहिजे.

काही लेखकांनी तो मांडला. १९७१ साली डेनी ओ’नील आणि नील अॅडम्स यांनी ग्रीन अॅरोच्या स्पीडीची गोष्ट केली. ग्रीन अॅरो म्हणजे जगभरच्या अन्यायाविरुद्ध तावातावाने बोलणारा माणूस. तो शहरातल्या हेरॉइन विकणाऱ्यांच्या मागावर आहे. आणि त्याच्याच घरात, त्याचाच मुलगा म्हणावा असा स्पीडी दंडात सुई टोचताना त्याला सापडतो. अंकाच्या मुखपृष्ठावरच ते चित्र होतं. ग्रीन अॅरो काय करतो? त्याला मारतो आणि घराबाहेर काढतो. जवळ बसून काळजी घेते ती ब्लॅक कॅनरी. इथे खलनायक कोण, हे ठरवायला वाचकाला बाहेर बघावं लागत नाही. जो माणूस जग वाचवत हिंडत होता, त्याला घरातलं पोर दिसलं नाही. स्पीडी नसता तर ग्रीन अॅरोला हे कोणी कधी सुनावलं असतं?

आता परत डिक ग्रेसनकडे येऊ. बॅटमॅनचं वय वाढत नाही. वाढलं तर मालिका संपेल. प्रकाशकाला ते परवडणार नाही. मी इंदूरची. लहानपणी भाड्याने आणून वाचलेल्या इंद्रजाल कॉमिक्समध्ये वेताळ होता. ली फॉक यांनी १९३६ साली त्याला घडवताना काळाचा प्रश्न फार छान सोडवला. वेताळ मरतो, पण त्याचा मुलगा तोच पोशाख चढवतो. आपण वाचतो तो एकविसावा. बॅटमॅनला ती सोय नाही. मग गोष्टीत काळ पुढे सरकतोय हे दाखवायचं कोणी? ते काम पोराने केलं. १९६४ मध्ये रॉबिन, किड फ्लॅश आणि अॅक्वालॅड या तीन मदतनिसांची एक गोष्ट आली. त्यातूनच पुढे ‘टीन टायटन्स’ ही टोळी झाली. मोठ्यांच्या सावलीतली पोरं पहिल्यांदा आपसांत बोलायला लागली. आणि १९८४ मध्ये मार्व्ह वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ यांच्या हाताखाली डिकने रॉबिनचा पोशाख उतरवला, स्वतःचं नाव घेतलं, नाइटविंग.

ही माझ्या मते या सगळ्या परंपरेतली सगळ्यात मोठी घटना आहे. रॉबिनचं मरण गाजलं, पण रॉबिनचं जाणं त्याहून मोठं. आपल्याकडे तालमीत म्हणतात, वस्ताद पठ्ठ्याला सगळे डाव शिकवतो, एक राखून ठेवतो. पठ्ठा उलटला तर हाताशी असावा म्हणून. ऐकायला मजा येते, पण विचार केला तर त्या राखलेल्या डावात वस्तादाची भीती आहे. डिक बॅटमॅनच्या हाताखालून निघाला तो त्याच्या तोडीचा होऊन, आणि तरी त्याच्यासारखा न होऊन. तो हसतो, मित्र करतो, टोळी सांभाळतो. बॅटमॅनला जे कधी जमलं नाही ते त्याच्या पोराला जमतं. शिकवणाऱ्याच्या कामाची याहून चांगली पावती मला माहीत नाही.

आणि त्याच बॅटमॅनने पुढच्या मुलाला, जेसन टॉडला गमावलं. सुरुवातीला ज्याची गोष्ट सांगितली तो हाच. रस्त्यावर वाढलेला, बॅटमॅनच्या गाडीची चाकं चोरताना सापडलेला पोर. चिडका, घाई करणारा, न ऐकणारा. वाचकांना तो आवडला नाही याचं मला आश्चर्य वाटत नाही. डिक आधीच चांगला होता. त्याला सांभाळणं सोपं होतं. जेसनला सांभाळायला खरी मेहनत लागली असती. त्या ७२ फोनांनी ती मेहनत गोष्टीतून काढून टाकली.

पण गोष्टी हिशेब विसरत नाहीत. जेसन गेल्यावर बॅटमॅन कसा होतो? बेफाम. मार खातो, मार देतो, जिवाची पर्वा करत नाही. आणि १९८९ मध्ये टिम ड्रेक नावाचा एक मुलगा पुढे येतो. या मुलाला बॅटमॅनने शोधलेलं नाही. त्याने बॅटमॅनला शोधलंय. लहानपणी सर्कशीत डिकची चार गिरक्यांची कोलांटी त्याने पाहिलेली असते. तीच कोलांटी पुढे रॉबिनला मारताना बघून तो ओळखतो की रॉबिन कोण, आणि म्हणून बॅटमॅन कोण. तो आधी डिककडे जातो आणि सांगतो, परत ये. ‘मला रॉबिन व्हायचंय’ असं तो म्हणत नाही. त्याचं म्हणणं एवढंच, की बॅटमॅनला रॉबिनची गरज आहे, नाहीतर तो माणूस वाया जाईल.

मंडळी, मतदानात ज्याला मरू द्या म्हटलं, त्याच्याबद्दलचं उत्तर एका शाळकरी पोराच्या तोंडून आलं. बॅटमॅन पोरांना वाचवतो असं आपण समजत होतो. टिमने दाखवलं की पोर बॅटमॅनला वाचवतं. त्यासाठी ते काही मोठं करत नाही. घरी कोणीतरी वाट बघतंय म्हणून माणूस गाडी जरा हळू चालवतो ना, तसं. आणि या वेळी बॅटमॅननेही धडा घेतला. टिमला त्याने लगेच गच्चीवर नेलं नाही. आधी तयारी करून घेतली. पोशाखही बदलला. उघड्या पायांची ती चड्डी गेली, पूर्ण अंग झाकणारा आणि संरक्षण देणारा पोशाख आला. विनोदाने बघायची ती चड्डी, पण तिच्या जाण्यामागे एका मुलाचं मरण आहे.

पुढे २००५ मध्ये जेसनही परतला, रेड हूड होऊन, संतापलेला. तो बॅटमॅनला जे विचारतो ते मला फार मोलाचं वाटतं. तू मला वाचवलं नाहीस, याबद्दल त्याची तक्रारच नाही. त्याचा प्रश्न असा, की ज्याने मला मारलं तो जोकर अजून जिवंत कसा? बॅटमॅन उत्तर देतो, आपण एकदा त्या वाटेला गेलो तर परत फिरणार नाही. हे उत्तर पुरेसं आहे की नाही यावर वाचक अजून भांडतात. भांडू देत. मारायचं नाही हा बॅटमॅनचा नियम तोवर भिंतीवरच्या सुविचारासारखा होता. ज्याला त्या नियमाची किंमत मोजावी लागली, तो समोर उभा राहून विचारतोय म्हटल्यावर त्या नियमात जीव आला.

कोणी म्हणेल, मुलगा नसतानाही बॅटमॅन उत्तम झाला की. क्रिस्टोफर नोलन यांच्या चित्रपटांत कुठे होता रॉबिन? बरोबर. पण २०१२च्या तिसऱ्या चित्रपटाचा शेवट आठवा. जॉन ब्लेक हा अनाथाश्रमात वाढलेला तरुण पोलीस. तो बॅटमॅनला ओळखतो, त्याला पुन्हा उभा राहायला लावतो, आणि शेवटी त्याचं खरं नाव रॉबिन असल्याचं कळतं. गुहा त्याच्या हाती येते. ज्या दिग्दर्शकाने चड्डीतला मुलगा टाळला, त्यालाही गोष्ट संपवताना कोणाच्या तरी हाती ती सोपवावी लागली.

सोपवणं जमलं की काय होतं याची दोन उदाहरणं. फ्लॅशचा मदतनीस वॉली वेस्ट. १९८५-८६च्या मोठ्या कथानकात जुना फ्लॅश गेला आणि वॉलीने त्याची जागा घेतली. पुढे दोन दशकांहून अधिक काळ तोच फ्लॅश होता. वाचकांची एक अख्खी पिढी अशी आहे की तिच्यासाठी फ्लॅश म्हणजे वॉली. दुसरं उदाहरण २००९चं. ब्रूस वेन मेला असं समजून डिक बॅटमॅन होतो आणि ब्रूसचा सख्खा मुलगा डेमियन होतो रॉबिन. आता बॅटमॅन हसरा आणि रॉबिन करडा. जोडी उलटी झाली, पण उत्तर देण्याचं काम तसंच राहिलं. डेमियनला मारेकऱ्यांनी वाढवलंय. त्याला ‘मारायचं नाही’ हे समजावताना डिकला ब्रूसचे शब्द वापरून भागत नाही. स्वतःचे शोधावे लागतात.

आणि आजच्या पोरांनी पाहिलेलं म्हणाल तर २०१८ मधला माइल्स मोरालेसचा चित्रपट घ्या. तिथे पोर नायक आहे आणि पोट सुटलेला, घर मोडलेला जुना स्पायडर-मॅन त्याचा शिकवणारा. माइल्सला शिकवता शिकवता तो स्वतः माणसात येतो. २०२३ मधला पुढचा भाग भारतात दहा भाषांत आला. त्यांत मराठीही होती. मीटिंगमध्ये मी हे आवर्जून सांगते, कारण ‘मुलगा काढा, गोष्ट बालिश होतेय’ म्हणणाऱ्यांना यापेक्षा चांगलं उत्तर नाही. मुलामुळे गोष्ट बालिश होत नाही. मोठ्या माणसाला मुलाकडे बघायला लावलं नाही, तर बालिश होते.

आता थोडं घराजवळचं. देशात कुठेही जा, टपरीवर, गॅरेजमध्ये, ढाब्यावर एक पोरगा दिसतो. इंदूरला, हैदराबादला, पुण्याला त्याचं नाव एकच असतं, छोटू. पाना आण, कप उचल, फडकं मार. नायकाच्या हाताखालचं वाईट लिहिलेलं पोर आणि हा छोटू, यांत मला फरक दिसत नाही. त्याचं नाव कोणी विचारलेलं नाही, तो काय शिकतोय याचा कोणी विचार केलेला नाही, आणि तो कधी इथून निघून जाईल ही कल्पनाही कोणाला नाही. फरक एवढाच की हा कागदावरचा नाही. याचं शाळेत असायचं वय आहे. म्हणून साइडकिक वाईट लिहिला गेला की मला ती नुसती कलेची हयगय वाटत नाही. हाताखालच्या पोराकडे न बघण्याची जी सवय आपल्याला आहेच, ती अशा गोष्टीने घट्ट होते. चांगला लिहिला तर ती मोडते.

माझ्याकडे स्टुडिओत नवी मुलं-मुली उमेदवारी करायला येतात. त्यांनी गोष्टीत मदतनीस मुलगा किंवा मुलगी काढली की मी तीन गोष्टी विचारते. तुम्हीही पुढचा चित्रपट बघताना विचारून बघा.

एक, हे पोर नायकाला असा प्रश्न विचारतं का, ज्याचं उत्तर नायकाकडे तयार नाही? दोन, या पोराला काही झालं तर जबाबदार कोण, हे गोष्टीला माहीत आहे का? माहीत असेल तर नायकाच्या चालीत ते दिसलं पाहिजे. तो दोन पावलं मागे थांबेल, आधी स्वतः डोकावेल, कधी ‘आज तू घरी’ म्हणेल. आणि तीन, हे पोर एक दिवस निघून जाऊ शकतं का? जाताना त्याच्याकडे स्वतःचं नाव असेल का?

पहिल्या प्रश्नाला मुलं पटकन उत्तर देतात. दुसऱ्याला जरा वेळ घेतात. तिसऱ्यावर बहुतेक थांबतात, कारण नायकाला सोडून जाणारं पोर म्हणजे कृतघ्न, अशी आपली शिकवण. तेव्हा मी त्यांना नाइटविंगचं चित्र दाखवते. निळा-काळा पोशाख, केप नाही, मागे कोणी उभं नाही. आणि सांगते की हा मुलगा निघून गेला, म्हणूनच आपल्याला कळलं की त्याला वाढवणारा माणूस चांगला होता.

त्या खोलीत बसलेली मुलंही एक दिवस स्टुडिओ सोडून जाणार आहेत. ती जातील तेव्हा त्यांना सगळे डाव आलेले असावेत, राखून ठेवलेला एकही नसावा, एवढं बघणं माझं काम. तुमच्या हाताखाली, तुमच्या घरात, तुमच्या दुकानात कोणी शिकत असेल, तर आज त्याला त्याच्या नावाने हाक मारा, आणि तो काय विचारतोय ते ऐका.